सड्यावरची खाण आणि सड्याखालचं पाणी

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मे महिना होता. काळाठिक्कर कातळ, करपलेलं गवत, पायाखाली कुरकुरणारा जांभा आणि लांबवर ओरडणारी एक टिटवी. सोबतचा मित्र म्हणाला, "इथं आहेच काय? खाण काढली काय नि नाही काढली काय." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्ट सरताना पुन्हा गेलो आणि पाय कुठं ठेवावा ते कळेना. कातळातल्या ताटलीएवढ्या खळग्यात बोटभर पाणी साठलेलं. काठाला सीतेची आसवं ही फुलं, निळीजांभळी, नखाएवढी. मध्ये गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या. गुडघे टेकून वाकलो तेव्हा दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानावरच्या चिकट थेंबात अडकलेलं चिलट दिसलं, त्याचा एक पाय अजून हलत होता. या कातळावर माती इतकी थोडी आणि इतकी निकस की झाडांना त्यातून पुरेसं नत्र मिळत नाही. म्हणून दवबिंदू किडे धरतो. सीतेच्या आसवांच्या मुळापाशी बारीक फुगे असतात, ते चिखलातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. अशा जागी जगायला शिकलेली ही झाडं खालच्या सुपीक जमिनीत नेऊन लावली तर टिकत नाहीत.

या दोन भेटींमधल्या फरकावरच हा लेख उभा आहे. खाणीमुळं रानाचं आणि रानातल्या जिवांचं होणारं नुकसान कमी कसं करायचं, हा प्रश्न कोल्हापूरकरांसमोर येतो तेव्हा सगळ्यांत मोठी चूक मे महिन्यात होते. सडा पडीक आहे, असं आधीच गृहीत धरलं जातं.

मुळात इथं खणतात काय

आपल्या जिल्ह्यात खाणी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक दगड, खडी, मुरुमाच्या; त्या गावोगाव आहेत आणि रस्ते-घरं त्यांच्यावर उभी राहतात. दुसरी बॉक्साइटची, ती पश्चिमेच्या डोंगरमाथ्यांवर: शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या पट्ट्यात. इथलं बॉक्साइट वर्षानुवर्षं ट्रकांनी बेळगावच्या कारखान्याकडं गेलं. त्यातून आधी अॅल्युमिना नावाची पांढरी पूड काढतात आणि त्या पुडीतून अॅल्युमिनियम. एक टन अॅल्युमिनियमला साधारण चार ते पाच टन बॉक्साइट लागतं.

बॉक्साइट डोंगराच्या माथ्यावरच का सापडतं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. सह्याद्रीचा मूळ दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. लाखो वर्षं त्यावर चार महिने धो धो पाऊस पडला आणि आठ महिने ऊन तापलं. पाण्यानं दगडातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली. मागं उरलं ते लोखंड आणि अॅल्युमिनियम. लोखंड जास्त उरलं तिथं तांबडा जांभा झाला, अॅल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट. हे सगळं माथ्याच्या सपाट भागावर, वरच्या काही मीटरांतच घडतं. म्हणून बॉक्साइटची खाण खोल भुयारासारखी नसते. ती पसरट असते. डोंगराची टोपी सोलून काढावी तशी. खोली कमी आणि पसारा मोठा, त्यामुळं जमिनीवरचं जे काही जिवंत आहे ते सगळं तिच्या वाटेत येतं.

टोपीखालचं पाणी

सड्याच्या पायथ्याशी एक धनगरवाडा आहे. तिथल्या एका आजीनं मला जे एका वाक्यात सांगितलं, ते समजायला मला नंतर बरंच वाचावं लागलं. मी झऱ्यावर पाणी प्यायला वाकलो होतो. आजी म्हणाली, "लेकरा, आधी वरचा सडा पाणी पितो, मग त्यो आमास्नी पाजतो."

जांभा सच्छिद्र असतो. हातात घेतलेला तुकडा बघा, भोकंच भोकं दिसतात. पावसाचं पाणी त्यात मुरत जातं. जांभ्याच्या आणि बॉक्साइटच्या खाली चिकट, पांढुरक्या-गुलाबी मातीचा थर असतो आणि तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवं सरकतं आणि जिथं कडा संपते तिथं झरा होऊन बाहेर पडतं. कड्याखालची गर्द राई, देवराया, एप्रिल-मेपर्यंत ओलसर राहणारे ओहोळ, सगळे या हळूहळू पाझरणाऱ्या पाण्यावर जगतात. असे ओहोळ मिळत मिळतच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती होतात आणि पुढं त्यांची पंचगंगा होते.

आता टोपी काढली तर काय होतं बघा. पाणी धरून ठेवणारा जांभा गेला. खालची चिकट माती उघडी पडली. जूनचा पहिला दणका आला की पाणी मुरत नाही, मातीसकट खाली धावतं. पावसाळ्यात ओढे लालभडक होतात आणि उन्हाळ्यात झरे लवकर आटतात. वर्षभराचं पाणी चार महिन्यांतच वाहून जातं.

गाळानं होणारा तोटा सहसा कुणी मोजत नाही. ओढ्याच्या तळाच्या गोट्यांमधल्या फटींत मासे अंडी घालतात, बेडकांची पिल्लं तिथंच शेवाळ खरवडून खातात. बारीक लाल माती त्या फटी बुजवून टाकते. ओढा वरून वाहता दिसतो, पण तळ मेलेला असतो. उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटले की गवा पाण्यासाठी खाली उतरतो, आणि खाली आपला ऊस असतो. त्यानंतरची भांडणं आपण दरवर्षी बघतोच. गवे उतरण्याला इतरही कारणं आहेत, सगळा दोष खाणीवर टाकता येणार नाही. पण कड्याखालचा झरा जिवंत ठेवला तर त्यातलं एक कारण तरी कमी होतं.

आधी जागा ठरवा

नुकसान कमी करण्याच्या उपायांना एक क्रम असतो आणि तो उलटा केला की पैसा खर्च होऊनही हाती काही लागत नाही. आधी टाळायचं. टाळता येत नाही तिथं कमी करायचं. झालेलं शक्य तेवढं परत उभं करायचं. तरीही जे उरेल त्याची दुसरीकडं भरपाई करायची. प्रत्यक्षात बहुतेक चर्चा शेवटच्या पायरीपासून सुरू होते: किती झाडं लावणार? मला हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो.

टाळण्यासाठी कायद्याची काही भक्कम कुंपणं आहेत. गव्यांसाठी 1958 साली राखलेलं दाजीपूर 1985 साली विस्तारलं आणि राधानगरी अभयारण्य झालं. आज ते 351 चौरस किलोमीटरचं आहे. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत राधानगरी आहे. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 च्या निकालात सांगितलं आणि 2023 मध्ये त्या निकालात इतर बदल करताना ही बंदी कायम ठेवली.

पण गवा, अस्वल, हत्ती, वाघ हद्दीचे दगड बघून चालत नाहीत. राधानगरीत कॅमेऱ्यात सापडलेला वाघ नंतर चांदोलीत दिसला आहे. म्हणजे दक्षिणेला तिलारी, चंदगड, आजऱ्याकडून उत्तरेला विशाळगड, आंबा, चांदोलीपर्यंतचा जो रानाचा पट्टा आहे, तो त्यांचा रस्ता आहे. काही ठिकाणी हा पट्टा खूपच अरुंद होतो. तिथं दहा हेक्टरची खाण रुंद रानातल्या शंभर हेक्टरांपेक्षा जास्त घातक ठरू शकते. हा पट्टा सांभाळण्यासाठीच राज्य सरकारनं विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर केली.

उरलेल्या भागाचा निकाल मात्र लांबलेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2011 साली पश्चिम घाटाच्या संवेदनशील भागांत नव्या खाणी नकोत असं सांगितलं. कस्तुरीरंगन यांच्या गटानं 2013 साली संवेदनशील क्षेत्र लहान धरलं, पण त्या क्षेत्रात खाणबंदीची शिफारस त्यांनीही केली. 2014 पासून हे क्षेत्र जाहीर करण्याच्या अधिसूचनेचे मसुदे निघतात, मुदत संपते, पुन्हा निघतात. जुलै 2024 मध्ये पुन्हा एक निघाला. माझं मत स्पष्ट आहे: माथ्यावरचे सडे आणि अरुंद पट्टे यांच्या बाबतीत दोन्ही अहवालांमधला वाद सुटायची वाट बघायची गरज नाही, कारण खाणीच्या मुद्द्यावर दोघांचंही म्हणणं एकाच दिशेचं आहे.

पावसाळा वगळलेला अभ्यास

आता मे महिन्याकडं परत येतो. मोठ्या खाणीला परवानगी मिळण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो. त्यात हवा, पाणी, आवाज, माती, झाडं, प्राणी या सगळ्यांची आधीची स्थिती नोंदवायची असते. खाणींसाठीच्या ठरीव अटींमध्ये ही नोंद एका हंगामाची आणि पावसाळा सोडून घ्यायची आहे. हवेतली धूळ मोजायला हे ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते. पण सड्यावरचं आयुष्यच पावसाचं आहे! गेंद, आसवं, दवबिंदू, कवला, सोनकी जूनमध्ये उगवून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बी टाकून मोकळी होतात. दगडाखालचा देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा पण बेडकासारखा उभयचर प्राणी, पाऊस पडल्याशिवाय सहसा दृष्टीला पडत नाही. कातळावरच्या डबक्यांत कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारके जीव असतात. त्यांची अंडी आठ महिने कोरड्या धुळीत पडून राहतात. जवळच्या आंबोलीत आढळणारा आणि नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेला एक छोटा भेक अशाच जांभ्याच्या कातळावरच्या पावसाळी डबक्यांत अंडी घालतो.

मार्च ते मे या काळात सर्वेक्षण झालं तर अहवालात लिहिलं जाणार, "खुरटं गवत, तुरळक झुडपं." ते लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्यानं बघितलंच तेवढं.

म्हणून सड्यावरच्या प्रस्तावात निदान एका पावसाळ्याचा झाडा-प्राण्यांचा अभ्यास हवाच, आणि सड्याखालच्या प्रत्येक झऱ्याची नोंद हवी. त्यानं काही महिने उशीर होईल. लाखो वर्षांत तयार झालेल्या थरासाठी काही महिने थांबणं जड जाऊ नये.

खाण चालूच असेल तर

खाण नको म्हणणं शहरात बसून सोपं आहे. ज्याच्या घरात डंपरचा हप्ता चालू आहे, त्याच्याशी मी असं बोलू शकत नाही. चालू खाणीत करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं महागडं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कडेचा पट्टा न खणणं. सड्याची कडा आणि तिच्या आतला रुंद पट्टा अखंड ठेवला तर झऱ्यांचं तोंड वाचतं आणि लाल पाणी सरळ दरीत कोसळत नाही. मधला भागसुद्धा एकदम उघडा करायचा नाही. एक तुकडा खणायचा, दुसरा खणताना निघालेला टाकाऊ जांभा पहिल्यात भरायचा, मग तिसरा. कोणत्याही वेळी उघडी जखम लहान राहते.

वरची माती हा इथला खजिना आहे. काही बोटांचाच थर, पण सगळं बी त्यात असतं. पोकलेननं ती मुरुमात मिसळली की संपलं. ती वेगळी काढून, शक्यतो गवताच्या ढेपांसकट, लगेच भरलेल्या तुकड्यावर पसरावी. साठवायचीच असेल तर ढीग बुटका ठेवावा. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि बी कुजतं. वर्षानुवर्षं पडलेल्या ढिगातल्या मातीत फारसा जीव राहत नाही.

खाणीभोवती चर, चरांच्या शेवटी गाळ बसवणाऱ्या टाक्या, आणि त्या टाक्या मे महिन्यात उपसलेल्या. हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो. भरलेली टाकी पहिल्याच पावसात निरुपयोगी असते. मी अशी एक पाहिली आहे: काठोकाठ लाल गाळ, त्यावरून पाणी जसंच्या तसं ओढ्यात. कागदावर मात्र टाकी बांधलेली होती.

रस्त्याचं नुकसान खाणीपेक्षा लांब पसरतं. लाल धूळ दोन्ही बाजूंच्या पानांवर बसते, ऊन पानापर्यंत नीट पोचत नाही, पानाची श्वास घ्यायची छिद्रं बुजतात. त्यावर पाण्याचा टँकर, ताडपत्री आणि वेगाची मर्यादा हे साधे उपाय आहेत. रात्रीची वाहतूक तर पूर्ण बंदच हवी. गवा, साळिंदर, खवल्या मांजर रात्री फिरतात. खवल्या मांजर घाबरलं की अंगाची गुंडाळी करून जागच्या जागी थांबतं. बिबट्यासमोर ही युक्ती जीव वाचवते, डंपरसमोर जीव घेते. सूर्य मावळल्यावर एकही गाडी नाही, एवढा एक नियम नेटानं पाळला तर पुष्कळ जीव वाचतील.

खाण संपल्यावर झाडं कशाला?

संपलेल्या खाणीवर रांगेत लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. फोटोत हिरवं दिसतं. पण सडा हे गवताचं, कातळाचं आणि पाणथळ खळग्यांचं घर आहे. तिथं परक्या झाडांची सावली पडली की उन्हातच जगणारी आसवं-गेंद संपतात, उघड्यावर जमिनीवर घरटी करणारे चंडोल आणि टिटव्या निघून जातात. गव्यालाही चरायला गवत लागतं, बाभळीचा पाला नव्हे.

याबाबत एक आदेश आपल्याला फार उपयोगी आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खाणपट्टाधारकानं काम संपल्यावर खाणीच्या आणि तिच्यामुळं बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उभं करावं, ती चारा, झाडं आणि प्राणी यांना योग्य अशा स्थितीत आणावी, आणि ही अट खाणपट्ट्यात, पर्यावरण परवानगीत आणि खाण योजनेत घालावी. गवत, असा स्पष्ट शब्द आहे. ग्रामसभेत कुणी वृक्षारोपणाचे आकडे वाचून दाखवले तर हा आदेश पुढं ठेवावा आणि विचारावं: गवत कोणतं, बी कुठल्या सड्यावरचं, तीन पावसाळ्यांनंतर किती टिकलं?

खरं तेच सांगतो, मूळचा सडा परत येत नाही. गवत येतं, काही फुलं येतात, पण जांभ्याची ती भोकाभोकांची रचना आणि तिच्यातलं पाणी माणसाला बांधता येत नाही. म्हणून तर टाळण्याची पायरी पहिली आहे.

दगडाच्या खाणींचं थोडं वेगळं आहे. कोल्हापूरकरांना जुन्या खणीचं तळं झालेलं नवीन नाही. इराणी खण तर गणपती विसर्जनाला सगळ्यांना ठाऊक आहे. पडीक दगडखाणीच्या उभ्या भिंतीत शृंगी घुबड घरटं करतं, मुरुमाच्या दरडीत वेडा राघू बिळं करतो. अशा खाणी सपाट करून टाकण्यापेक्षा एखादी भिंत तशीच ठेवणं चांगलं. मात्र पाणी साठलेल्या खाणीला एका बाजूनं उतार हवाच. चारी बाजू उभ्या असल्या की प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. एक बाजू मातीनं भरून उतार करायला जेसीबीचं फार काम लागत नाही.

गावाच्या हातात काय आहे

ज्या खाणीला जनसुनावणी लागते तिथं किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो वाचताना आधी सर्वेक्षणाचे महिने शोधा. मग झऱ्यांची यादी. मग गाळाच्या टाक्या कुठं आणि ओढा कुठं. तोंडी बोला, आणि तेच लेखीही द्या, पोच घ्या.

दुसरं, पैसा. 2015 च्या कायदाबदलानंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लिलावानं दिलेल्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 10 टक्के आणि त्याआधीच्या खाणपट्ट्यांच्या 30 टक्के एवढी जादा रक्कम खाणवाल्यांकडून तिथं जमा होते, खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण हे तिच्या प्राधान्याच्या कामांत आहेत. झऱ्यांचं संवर्धन, गवताचं बी गोळा करणाऱ्या बचतगटांची मजुरी, यांसाठी ग्रामसभेनं ठराव करून मागणी करता येते. बहुतेक गावं सभामंडप मागतात.

तिसरं काम शाळेतली पोरंही करू शकतात. झऱ्याच्या धारेखाली 15 लिटरची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजायचं. तीनदा मोजून सरासरी काढायची. डिसेंबर ते मे, दर शनिवारी, त्याच झऱ्यावर, त्याच वेळी. वहीत तारीख, सेकंद, आणि शेजारी त्या आठवड्यात काठावर दिसलेल्या पायांच्या खुणा. खाण येण्याआधीची दोन वर्षांची अशी वही गावाकडं असली, तर पुढं झरा आटल्यावर "तो आधीपासूनच आटत होता" असं कुणाला म्हणता येत नाही. आजीच्या वाड्यावरच्या पोरांनी गेल्या डिसेंबरात वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर बादली 22 सेकंदांत भरल्याची नोंद आहे, आणि शेजारी पेन्सिलीनं काढलेला गव्याचा खूर.